रोम : चौघांसाठी चार रात्री, कमी बजेट. हॉटेल कुठे घ्यावं?

ओंजळ
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात रोमला जायचं ठरतंय. मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि सासूबाई. सासूबाई ६८ च्या आहेत. सपाट रस्त्यावर सावकाश तासभर चालतात, पण जिने नकोत. सगळे शाकाहारी, अंडंही चालत नाही. चार रात्री रोममध्ये, मग रेल्वेने फ्लोरेन्स.

राहण्याचं बजेट रात्रीला १५० युरो, सगळं धरून. चौघांना एक खोली चालेल. मला त्रास्तेवेरे फार आवडलंय, नवरा म्हणतो तेर्मिनी स्टेशनजवळ बघ. शहराबाहेर ९० युरोत दोन खोल्यांचं अपार्टमेंटही दिसतंय. व्हिसाच्या अर्जासाठी बुकिंग लवकर करायचंय. जाणकारांनी सांगा ना.

वाटसरू
ओंजळताई, कामानिमित्त रोममध्ये राहिलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते "सगळं धरून" मोडून बघा. रोममध्ये पर्यटक कर वेगळा लागतो आणि तो माणशी, दर रात्रीला असतो. एक तारांकित हॉटेलात ४ युरो, दोन तारांकितमध्ये ५, तीनमध्ये ६, चारमध्ये साडेसात, पाचमध्ये १०. दहा वर्षांखालच्या मुलांना माफ, म्हणजे लेकीचा लागणार नाही. तीन मोठ्या माणसांचे तीन तारांकित हॉटेलात चार रात्रींचे ७२ युरो झाले, दोन तारांकितमध्ये ६०. बुकिंगच्या वेळी दिसणाऱ्या भाड्यात हा कर बहुतेकदा नसतो, तिथे काउंटरवर भरावा लागतो. त्यामुळे तुम्ही खोली १३० ते १३५ पर्यंतच शोधा. १५० ची पसंत केली तर बजेट पहिल्याच दिवशी ओलांडलं जाईल.

आता जागा. माझं मत ठाम आहे : एस्क्विलिनो. तेर्मिनीच्या दक्षिणेला, सांता मारिया माज्जोरे चर्च आणि पियात्सा व्हित्तोरिओ चौक यांच्या आसपास. कारणं सांगतो.

तुम्ही जाताय तेव्हा घड्याळं तासभर मागे गेलेली असतात आणि पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. नोव्हेंबर हा रोमच्या सर्वांत पावसाळी महिन्यांपैकी एक. सासूबाई दुपारी दमल्या तर त्यांना खोलीवर आणून टेकवता यावं आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर पडता यावं, हे जमलं तर चार दिवस सुखाचे जातील. ते जमायला खोली मधोमधच हवी. बाहेरच्या अपार्टमेंटमध्ये ६० युरो वाचतील, पण सकाळी निघालात की रात्रीच परत. म्हाताऱ्या माणसाला आणि लहान मुलाला ते झेपत नाही.

दुसरं, रोममध्ये वाहतुकीचे संप होतात, विशेषकरून शुक्रवारी. सकाळी साधारण साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पाच ते आठ गाड्या चालवणं बंधनकारक असतं, मधल्या वेळेची खात्री नाही. एस्क्विलिनोतून कोलोसियम सावकाश चालत गाठता येतं. मग संप असो की पाऊस, एक मोठा दिवस तरी हातचा जात नाही.

तिसरं, फ्लोरेन्सची गाडी तेर्मिनीहूनच सुटते.

घाटमाथा
वाटसरूंशी थोडा असहमत. तेर्मिनीच्या परिसराबद्दल लोक चांगलं बोलत नाहीत. रात्री स्टेशनबाहेर माणसं झोपलेली असतात, खिसेकापूही आहेत. लेकीला आणि आजींना घेऊन तिथे कशाला? आम्ही लिदो दी ओस्तियाला समुद्राकाठी उतरलो होतो. पिरामिदे मेट्रोला लागून असलेल्या स्थानकातून लोकल सुटते, शहराचंच दीड युरोचं तिकीट चालतं. भाडं निम्मं, हवा मोकळी, वाटेत ओस्तिया आन्तिकाचं जुनं बंदर. रोमच्या लोकांना ते माहीत असतं, आपल्याकडचे पर्यटक तिकडे फिरकत नाहीत.

वाटसरू
घाटमाथा, ओस्तिया आन्तिका बघायलाच हवं, याला माझं पूर्ण अनुमोदन. दगडी रस्ते, धान्याची कोठारं, चौकाभोवती व्यापाऱ्यांची दुकानं आणि त्यांच्या दारातली जहाजांची मोझाइक. पॉम्पेईएवढी गर्दी नाही. पण राहायला ओस्तिया उन्हाळ्यात बरं. नोव्हेंबरात समुद्राकडचा वारा बोचतो आणि ती लोकल उशिरा येणं नवीन नाही.

तेर्मिनीबद्दल तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. स्टेशनच्या दोन लांब बाजू आहेत. जोलित्ती रस्ता, म्हणजे रुळांना चिकटून जाणारी दक्षिणेची बाजू, रात्री मलाही आवडत नाही. तिथली हॉटेलं सगळ्यांत स्वस्त दिसतात ती त्यामुळेच. पण तिथून दोनतीन गल्ल्या आत सांता मारिया माज्जोरेकडे सरकलात की रहिवासी वस्ती लागते, दुकानं आणि कुटुंबं दिसतात. उत्तरेला मार्साला रस्त्यापलीकडे कास्त्रो प्रेतोरिओची बाजूही ठीक आहे, तिथे छोट्या पेन्सिओने, म्हणजे घरगुती लॉज, पुष्कळ. फक्त तिथून कोलोसियम लांब पडतं. नकाशात "तेर्मिनीपासून ३०० मीटर" एवढंच बघू नका, कुठल्या बाजूला ३०० मीटर ते बघा.

अबोली
ओंजळ, अगं मठात राहण्याचा विचार केलास का? रोममध्ये नन्स चालवतात अशी कितीतरी अतिथिगृहं आहेत, त्यांना कासा पेर फेरिए म्हणतात. ख्रिश्चन असण्याची अट नसते. खोल्या साध्या, पलंग वेगवेगळे, भिंतीवर क्रूस, टीव्ही बहुधा नाही. पण स्वच्छता अशी की फरशीवर जेवावं. यात्रेकरूंमध्ये वयस्क माणसं खूप असल्याने बऱ्याच ठिकाणी चांगली लिफ्ट असते. मी माझ्या आईला घेऊन गेले होते. एक वयस्क सिस्टर रोज सकाळी आईचा हात धरून तिला अंगणातल्या बाकापर्यंत नेऊन बसवायच्या. दोघींना एकमेकींची भाषा कळत नव्हती, तरी अर्धा अर्धा तास बसायच्या.

अडचण एकच, रात्री दार ठरलेल्या वेळी बंद होतं, साधारण अकराच्या आसपास. तुम्हाला मुलीमुळे तो प्रश्न नसावा. ईमेल करून विचारावं लागतं. उत्तर यायला वेळ लागतो, पण येतं.

वाटसरू
अबोलीताईंची सूचना उत्तम. २०२५ च्या ज्युबिली वर्षात, म्हणजे कॅथलिकांच्या यात्रेच्या पवित्र वर्षात, या जागा मिळणं मुश्कील होतं, ते वर्ष ६ जानेवारी २०२६ ला संपलं. एस्क्विलिनो आणि मोंती भागातही अशी अतिथिगृहं आहेत. फक्त बुकिंगचा शिक्का असलेलं पत्र व्हिसासाठी मिळेल का, ते पहिल्याच ईमेलमध्ये विचारा.

ओंजळ
केवढी माहिती! अबोलीताई, सासूबाईंना मठाची गोष्ट वाचून दाखवली, त्यांना फार आवडली. पण त्रास्तेवेरेचं कोणीच काही बोललं नाही. आणि विमानतळावरून कसं यायचं? सामान चार बॅगा.

तळटीप
त्रास्तेवेरे मलाही प्रिय आहे, त्यामुळे मी सांगते. गल्ल्या, वेलींनी झाकलेल्या भिंती, संध्याकाळच्या उजेडात तिथलं सांता मारिया चर्च, सगळं फोटोत दिसतं तसंच आहे. पण मेट्रो नाही. ट्राम क्रमांक ८ आणि बस. रस्ते साम्पिएत्रिनीचे, म्हणजे काळ्या दगडी ठोकळ्यांचे. चाकांची बॅग ओढताना हात भरून येतो आणि दुखऱ्या गुडघ्यांना ते मुळीच मानवत नाहीत. जुन्या इमारतींत लिफ्ट क्वचित. शुक्रवार-शनिवारच्या रात्री खालच्या बारमधला गोंगाट उशिरापर्यंत. तिथे संध्याकाळी फिरायला जा, जेवा, टॅक्सीने परत या.

विमानतळाचा हिशोब असा. फ्युमिचिनो ते तेर्मिनी लिओनार्दो एक्स्प्रेस, ३२ मिनिटं, माणशी १४ युरो. बारा वर्षांखालचं एक मूल एका मोठ्या तिकिटासोबत फुकट. तुमचे ४२. रोमच्या पांढऱ्या अधिकृत टॅक्सीचा ठरलेला दर ५५, चौघं आणि सामान धरून, थेट दारापर्यंत. म्हणजे फरक फक्त १३ युरोंचा. आजी सोबत असताना मी टॅक्सीच घेईन. मात्र हा दर ऑरेलियन तटबंदीच्या आत उतरणाऱ्यांसाठी आहे. एस्क्विलिनो, मोंती, कास्त्रो प्रेतोरिओ आत येतात. सान लोरेन्झो, रे दी रोमा बाहेर. तिसऱ्या शतकात बांधलेली भिंत आजही टॅक्सीचं भाडं ठरवते, मला याचं अप्रूप वाटतं. आगमन कक्षात "टॅक्सी, टॅक्सी" म्हणत मागे लागणाऱ्यांबरोबर जाऊ नका. बाहेर रांग असते, तिथे उभं राहा आणि बसण्याआधी ठरलेल्या दराची खात्री करा.

आणखी स्वस्त हवं तर ८ युरोंची लोकल आहे, पण ती तेर्मिनीला जात नाही. त्रास्तेवेरे, ओस्तिएन्से, तिबुर्तिना अशी जाते. बस सर्वांत स्वस्त, पण वाहतुकीत अडकते.

भ्रमंती७८
बाजूचा एक पर्याय : सान जोव्हान्नी आणि रे दी रोमा. राहत्या लोकांचा मध्यमवर्गीय भाग, रुंद पदपथ, बेकऱ्या, रविवारी आजोबा-नातवंडं बागेत. मेट्रो ए आहेच, आणि डिसेंबर २०२५ पासून मेट्रो सी सान जोव्हान्नीहून पुढे कोलोसियमपर्यंत गेली आहे. नवी स्थानकं प्रशस्त, लिफ्टची सोय आहे. खोदकामात सापडलेले रोमन अवशेष स्थानकातच मांडलेत, लेकीला दाखवा. त्याच किमतीत इथे खोली मोठी मिळते.

वाटसरू
भ्रमंती, चांगली आठवण केलीत. एस्क्विलिनोत मनासारखं मिळालं नाही तर माझी दुसरी पसंती हीच. व्हॅटिकनलगतचं प्रातीही निवांत, पण तिथे या बजेटात चौघांची खोली मिळणं अवघड.

ओंजळताई, आता हॉटेल निवडताना काय बघायचं ते. एस्क्विलिनोतल्या इमारती १८७० नंतरच्या. रोम राजधानी झाल्यावर सरकारी नोकरांसाठी हा भाग उठवला. उंच छत, मोठं लाकडी दार, मधे चौक. अशा एकाच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक पेन्सिओने, पाचव्यावर दुसरं, मधे वकिलाचं ऑफिस असा प्रकार असतो. यातलं वाईट काही नाही, तिथेच चांगल्या स्वस्त खोल्या मिळतात. पण लिफ्टबद्दल खोदून विचारा. लिफ्ट आहे का, एवढं पुरत नाही. ती रस्त्याच्या पातळीवरून सुरू होते की आधी सातआठ पायऱ्या चढाव्या लागतात? सध्या चालू आहे का? आत दोन माणसं आणि एक बॅग मावते का? शिवाय तिथला पहिला मजला म्हणजे तळमजल्याच्या वरचा, आपल्यासारखाच. पण मधे पोटमजला असला तर एक जिना वाढतो.

खोली इमारतीच्या आतल्या चौकाकडची मागा. उजेड कमी असतो, पण रात्री स्कूटरचे आवाज येत नाहीत.

गरम हवेबद्दलही विचारा. रोममध्ये इमारतीचं सामायिक हीटिंग १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळातच चालू ठेवता येतं, तेही दिवसातले ठरावीक तास. तुम्ही अगदी सुरुवातीला पोचताय. खोलीत स्वतंत्र एसी असेल आणि तो गरम हवाही देत असेल तर सासूबाईंची सोय होईल. जास्तीची पांघरुणं आधीच सांगून ठेवा.

स्नानगृहाची काळजी करू नका. शॉवरची पेटी अरुंद असते, आत सरकण्याआधी उंबरठ्याची उंची बघा. पण बिडे, म्हणजे शौचानंतर पाण्याने धुण्यासाठीचं बसकं भांडं, जवळजवळ सगळीकडे असतो. १९७५ च्या सरकारी आदेशाने इटलीत घरांच्या स्नानगृहात तो बंधनकारक केला आहे. आपल्या लोकांना युरोपात इतकी सोय दुसरीकडे सहसा मिळत नाही.

आणि फसवणूक टाळायला एक खूण : जानेवारी २०२५ पासून इटलीतल्या प्रत्येक हॉटेल-अपार्टमेंटच्या जाहिरातीत राष्ट्रीय नोंदणी क्रमांक छापावा लागतो, "आयटी" या अक्षरांनी सुरू होणारा. क्रमांक नसेल तर ती जागा सोडून द्या. तुमचं ते ९० युरोवालं अपार्टमेंट यासाठी तपासून बघाच.

ओंजळ
वाटसरू, तपासलं. क्रमांक नाहीये. ते बाद. नाश्त्यासह घ्यावं की नाश्त्याशिवाय? नाश्त्याचे माणशी आठ युरो वेगळे दिसतात.

अबोली
तुमच्यासाठी नाश्त्याशिवायच. छोट्या हॉटेलांचा नाश्ता म्हणजे कोर्नेत्तो (क्रोसाँसारखा गोड पाव), केक, बिस्किटं. या सगळ्यात अंडं असतं. उरतं काय तर पाव, जॅम, दही, फळं. तेवढं दुकानातून आणता येतं. मठात बहुतेकदा नाश्ता भाड्यातच असतो, तिथे प्रश्न नाही. कॉफी कोपऱ्यावरच्या बारमध्ये, उभ्याने प्या. बसून प्यायलात तर दर वाढतो.

जेवणाचं : वाळवलेला पास्ता, म्हणजे स्पगेत्ती, पेन्ने वगैरे, बहुधा बिनअंड्याचा, ताजा पास्ता, फेत्तुचिने वगैरे, अंड्याचा. हे वाक्य इटालियनमध्ये लिहून फोनमध्ये ठेव : "आम्ही मांस, मासे, अंडं खात नाही." पालेभाजीतही अँचोव्ही मासा असतो, पुंतारेल्लेच्या सॅलडमध्ये तर हमखास. सुप्ली म्हणजे भाताचं तळलेलं वाटोळं, दिसायला निष्पाप, पण पारंपरिक प्रकारात मांसाचा सॉस आणि बाहेरून अंड्याचं आवरण. सासूबाई चीजच्या बाबतीत कडक असतील तर पेकोरिनो आणि पार्मिजानो जनावरांचं रेनेट, म्हणजे वासरा-कोकरांच्या पोटातलं विरजण, घालून करतात, हे माहीत असू द्या. वजनावर कापून देतात तो टोमॅटोचा पिझ्झा रोस्सा मिळेल तिथे खा. स्वस्त आणि सुरेख.

घाटमाथा
एस्क्विलिनोच्या बाजूने मीच आता एक मुद्दा देतो. पियात्सा व्हित्तोरिओजवळचा एस्क्विलिनोचा मंडईबाजार! जुन्या लष्करी बराकीत भरतो. बांगलादेशी आणि भारतीय दुकानदार भरपूर. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, भेंडी, तूरडाळ, कणीक, सगळं. सकाळी जावं. स्वयंपाकघराची सोय असलेली जागा मिळाली तर एक वेळचं वरण-भात सहज होईल. मी तिथे आंबेमोहोरासारखा वास येईल म्हणून तांदळाची पोती हुंगत बसलो होतो, बंगाली दुकानदाराने चहा पाजला.

तळटीप
घाटमाथा, वा!

मला मात्र एस्क्विलिनोबद्दल वेगळंच सांगायचंय. स्वस्त राहण्याचा भाग म्हणून लोक इथे येतात आणि सकाळी उठून दुसरीकडे निघून जातात. दाराशी काय आहे ते बघतच नाहीत. सांता मारिया माज्जोरेतली पाचव्या शतकातली मोझाइक, प्रवेश फुकट. पोप फ्रान्सिस यांना एप्रिल २०२५ मध्ये तिथेच पुरलं, त्यामुळे रांग असते, सकाळी लवकर जा. तिथून दोन मिनिटांवर सांता प्रास्सेदे. बाहेरून लक्षातही येत नाही. आत सान झेनोनेची चिमुकली खोली, नवव्या शतकात पोप पास्काल पहिले यांनी करवून घेतलेली, छतापासून खालपर्यंत सोनेरी मोझाइक. उजेडासाठी यंत्रात नाणं टाकावं लागतं, सुटे जवळ ठेवा. दिवा लागला की लेकीचा चेहरा बघा.

पियात्सा व्हित्तोरिओच्या बागेत सतराव्या शतकातलं किमयागारांचं दार आहे, दोन्ही बाजूंना बुटके पुतळे आणि चौकटीवर गूढ चिन्हं. मुलांना ते जाम आवडतं. कोलोसियमच्या वाटेवर सान क्लेमेन्ते : वर बाराव्या शतकाचं चर्च, खाली चौथ्या शतकातलं, त्याच्याही खाली मिथ्र देवाचं देऊळ. खाली उतरायला तिकीट आणि जिने, तेव्हा आजींनी वरच्या मजल्यावर बसावं. वरही पाहण्याजोगं खूप आहे.

आणि आपल्या माणसांसाठी एक जागा. क्विरिनालेवरचं सान्त आन्द्रेआ. गोव्यात येऊन मराठीत ओव्या रचणारे फादर थॉमस स्टीफन्स १५७५ मध्ये रोमला याच ठिकाणी जेझुइट संघात दाखल झाले, १५७९ मध्ये गोव्याला आले. आत्ताची इमारत नंतरची, बेर्निनीने १६५८ पासून बांधलेली, लंबवर्तुळाकार. मी तिथे बसले तेव्हा मराठी भाषेचा एक धागा इथून निघाला या विचाराने भरून आलं. तेर्मिनीहून चालत जाता येतं, चढ सौम्य आहे.

भ्रमंती७८
तळटीप, हे माहीतच नव्हतं. पुढच्या वेळी नक्की.

ओंजळ, तिकिटांचं : नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं, कोलोसियमसह, फुकट असतात. ४ नोव्हेंबरलाही. ऐकायला छान, पण रांगा मोठ्या. आजींना घेऊन तो दिवस टाळा आणि १८ युरोंचं तिकीट आधी काढा. विक्री महिनाभर आधी उघडते, तिकिटावर नाव असतं, पासपोर्ट जवळ ठेवा. लेकीला फुकट, पण तिचंही आरक्षण लागतं. कोलोसियममध्ये लिफ्ट आहे; शेजारच्या फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या चौकाच्या अवशेषांत, मात्र दगड उंचसखल, आजींनी तिथे थोडंच चालावं. व्हॅटिकन संग्रहालय १ नोव्हेंबरला बंद असतं.

ओंजळ
दोन ईमेल पाठवले. एक सांता मारिया माज्जोरेजवळच्या मठाला, एक कास्त्रो प्रेतोरिओतल्या दोन तारांकित हॉटेलला. व्हिसासाठी रद्द करता येणारं बुकिंग चालतं ना?

वाटसरू
चालतं. चारही रात्री आणि पुढच्या फ्लोरेन्सच्या रात्रींचं बुकिंग, चौघांची नावं पासपोर्टप्रमाणे लिहिलेली. अर्जातल्या तारखा, विमानाचं आरक्षण आणि ३०,००० युरोंचा विमा हे सगळं एकमेकांशी जुळलं पाहिजे. व्हिसा शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वयाच्या मुलांना ४५. आणि व्हिसा हातात पडेपर्यंत मूळ बुकिंग बदलू नका, थोडी स्वस्त खोली दिसली तरी.

ओंजळ
मठाचं उत्तर आलं! चार पलंगांची खोली, दुसरा मजला, लिफ्ट रस्त्याच्या पातळीवरून, नाश्ता भाड्यात, दार अकराला बंद. दिवसाला १२० युरो, कर वेगळा. व्हिसासाठी पत्र देतो म्हणतायत. हॉटेलचं अजून काही कळलं नाही. मठ नक्की करतेय. सासूबाईंनी विचारलंय, तिथे सकाळी गरम पाणी प्यायला मिळेल का?

अबोली
स्वयंपाकघरात मागितलं तर देतील. तरी छोटी विजेची किटली ने, खोलीत वापरू देतात का ते विचारून. आपली दोन गोल पिनांची साधी प्लग तिथे बसते, तीन पिनांची असेल तर अडॅप्टर लागेल. आणि सिस्टरांसाठी थोडी चकली-शंकरपाळी घेऊन जा, दिवाळीच आहे.

नवीन_सभासद
धागा वाचून खूप मदत झाली. आमची मुलगी १४ वर्षांची आहे, तिला कर लागेल का?

वाटसरू
हो, दहा वर्षं पूर्ण झाली की पूर्ण लागतो. मात्र सलग दहा रात्रींपर्यंतच, त्यापुढे नाही. सरकारी स्मारकांत अठरा वर्षांखाली फुकट, ते तिला मिळेल.